कलकत्त्याला आवाज चांगला होता

आमच्या घरात देवघरापेक्षाही कडक सोवळं असलेली एक जागा होती. दिवाणखान्यात खिडकीच्या बाजूला, बुटक्या सागवानी टेबलावर मांडलेला बाबांचा ॲम्प्लिफायर. देवाला पारोशाने हात लागला तर आई रागवायची आणि दहा मिनिटांत विसरायची. ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र माफी नव्हती. कामाच्या मावशींना त्या टेबलापासून दोन हात लांबूनच केर काढायची ताकीद होती. त्याच्यावरची धूळ बाबा स्वतः पुसत. दर रविवारी सकाळी, जुन्या मलमलीच्या तुकड्याने, आणि पुसताना श्वास रोखून धरत.

एकदा आईने मोठ्या हौसेने क्रोशाचा रुमाल विणून त्याच्यावर घातला. टीव्हीवर असतो, फ्रिजवर असतो, मग याच्यावर का नसावा, असा तिचा साधा हिशेब. बाबा ऑफिसातून आले, रुमाल पाहिला आणि बूटही न काढता तो उचलला. "अगं, त्याला श्वास घ्यायला नको का?" त्यांचं बरोबरच होतं म्हणा. ॲम्प्लिफायरच्या झाकणावरच्या फटी शोभेच्या नसतात. आतले ट्रान्झिस्टर तापतात आणि ती ऊब त्या फटींतून वर निघून जाते. त्यावर कापड टाकलं किंवा तो बंद कपाटात कोंबला, की आतले भाग लवकर म्हातारे होतात. पण हे आईला समजावून सांगण्याऐवजी त्यांनी रुमालाची घडी घालून तिच्या हातात दिली. तो रुमाल पुढे कित्येक वर्षं पाण्याच्या माठावर होता.

हा सेट घरात आला तो १९८८ साली, म्हणजे माझ्याही आधी. बाबा बँकेत होते आणि त्यांची कलकत्त्याला बदली झाली होती. तिथल्या चांदनी चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ते म्हणे दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम संपलं की जायचे, दुकानांतून ऐकून यायचे आणि घरी येऊन हिशेब मांडायचे. परदेशी सेटवर जबर जकात असे, तो विचारसुद्धा शक्य नव्हता. पण कलकत्त्याचीच सोनोडाइन, शिवाय फिलिप्स, कॉस्मिक अशी इथे मिळणारी नावं होती आणि त्यातला एक सेट बाबांच्या मनात भरला. ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. सगळ्याची किंमत बाबांच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या थोडी वरच जात होती.

ती वरची रक्कम आईकडून आली. आईने लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिलेल्या. विशारद बदल्यांच्या धबडग्यात राहून गेलं. पण मिरजेचा एक तंबोरा घ्यायचा, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं आणि शिकवण्या करून त्यासाठी पैसे साठवले होते. बाबा म्हणाले, "तंबोरा पुढच्या वर्षी घेऊ. आणि या सेटवर तर साक्षात भीमसेन, किशोरीताई घरी येऊन गातील." पुढच्या वर्षी मी झाले. तंबोरा राहिलाच.

आईने हे कधी तोंडावर फेकलं नाही, तसा तिचा स्वभावच नाही. शिवाय सेट खरोखरच सुंदर वाजत असे. कलकत्त्याच्या त्या भाड्याच्या घरात, उंच छताच्या खोलीत, रात्री जेवणं झाल्यावर दोघं दिवा मालवून ऐकत बसायची, हे मला आईनेच सांगितलेलं.

मग १९९६ च्या मे महिन्यात आम्ही नाशिकला आलो, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. आणि इथून आईची ती तक्रार सुरू झाली, जी ऐकत मी लहानाची मोठी झाले.

"कलकत्त्याला आवाज चांगला होता."

सुरुवातीला बाबा हसले. "अगं, खोली लहान आहे इथली." मग म्हणाले, छत बुटकं आहे. मग पडदे, मग सोफ्याची गादी. आई मान डोलवायची, पण आठ-पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातून पुन्हा तेच. एकदा ती म्हणाली, "गाणारा समोर बसलेला असायचा हो तिथे. इथे तो कुठेच बसलेला नाही." आणखी एकदा म्हणाली, "तंबोरा भिंतीत शिरलाय." हे वाक्य बाबांना इतकं गमतीचं वाटलं, की आल्यागेल्याला ते सांगू लागले. पाहुणे चहा घेता घेता भिंतीकडे बघून हसायचे. "वहिनी, निघाला का तंबोरा बाहेर?" आईसुद्धा हसायची. मीही हसायचे, हे आज कबूल केलेलं बरं.

बाबांनी स्वतःची सोय करून घेतली होती. बेसचं बटण त्यांनी उजवीकडे पार टोकाला नेऊन ठेवलं होतं आणि 'लाउडनेस' लिहिलेली कळ कायमची दाबलेली. "या खोलीला बेस जास्त लागतो," असं ते जाणकारीने सांगत. शेजारच्या घरी एक भलामोठा टू-इन-वन आला होता. त्याच्या खोक्यावर वॅटचे आकडे हजारांत छापलेले. त्या काळी पीएमपीओ नावाचा एक जादूचा आकडा जाहिरातीत असायचा, ज्याचा प्रत्यक्षात सतत मिळणाऱ्या शक्तीशी फारसा संबंध नसे. आमच्या सेटवर मात्र दर बाजूला तीस वॅट असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. "आकड्यांवर जाऊ नकोस," बाबा मला म्हणायचे, "कानांवर जा." हे मला सांगायचे, बरं का. आईला नाही.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

२०२४ च्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचं ठरलं. मी सुट्टी घेऊन नाशिकला गेले ती याच कामासाठी. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मोतीबिंदूचं व्हायचंय. टेबलामागे वाकणं आता त्यांच्याच्याने होत नाही. रंगाऱ्यांनी येऊन सगळं सामान खोलीच्या मध्यावर ओढलं, चादरी टाकल्या, आणि दाराच्या चौकटीवरून डाव्या स्पीकरकडे गेलेली तार खिळ्यांसकट उपटून काढली. काम झाल्यावर दिवाणखाना दुधासारखा उजळला. तारांचं भेंडोळं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं. बाबा दोन दिवस त्या पिशवीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, पेपरमधून डोकं वर न काढता, म्हणाले, "तू लावशील का?"

पस्तीस वर्षांची झाले तरी त्या टेबलाला हात लावताना माझी छाती धडधडली. बाबा आपल्या वेताच्या खुर्चीत सेनापतीसारखे बसले आणि मी मागच्या अंधारात बॅटरी घेऊन शिरले.

ॲम्प्लिफायर पुढून कितीही देखणा असला तरी त्याची खरी कुंडली पाठीवर असते. तिथे भोकांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीवर नाव. टेप, सीडी, ऑक्स, आणि एका कोपऱ्यात फोनो. लाल भोक उजव्या बाजूचं, पांढरं डाव्या बाजूचं. त्यांच्यापासून जरा लांब स्पीकरचे स्क्रू. तिथेही लाल रंग आहे आणि इथेच नवखा माणूस गोंधळतो. स्पीकरच्या स्क्रूंवरच्या लालचा अर्थ उजवा असा नसून अधिक असा आहे, आणि काळा म्हणजे उणे. एकाच यंत्राच्या एकाच पाठीवर लाल रंगाचे दोन अर्थ!

"आधी प्लग काढलायस ना भिंतीतला?" बाबांनी विचारलं. काढला होता. "आवाजाचं बटण शून्यावर?" होतं.

रेकॉर्ड प्लेअरची वायर मी सवयीने ऑक्सच्या भोकात घालायला गेले, तेवढ्यात खुर्चीतून आरोळी आली. "फोनो! फोनो!" याचं कारण त्यांनी मग सविस्तर सांगितलं, आणि मला पहिल्यांदाच कळलं की या माणसाला शिकवता किती छान येतं. रेकॉर्डच्या खोबणीतून सुई जाते तेव्हा तिच्या मागच्या इवल्याशा चुंबकातून जी वीज निघते, ती फार तर चार-पाच मिलिव्होल्ट असते. सीडी प्लेअरमधून येणारी त्याच्या सुमारे चारशे पट, दोन व्होल्टच्या आसपास. म्हणून रेकॉर्डच्या आवाजाला आत एक जादा पायरी चढावी लागते. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाचा भाग मुद्दाम बारीक आणि तारस्वराचा भाग मोठा करून कापलेला असतो. तसं केलं नाही तर खर्जाच्या लाटा इतक्या रुंद होतील की खोबणी एकमेकींत घुसतील. हे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेत ठरलं आणि मग जगभर तेच चाललं. फोनोच्या भोकामागे बसलेलं मंडळ ते उलटं करून देतं. रेकॉर्ड प्लेअर नुसता ऑक्सला लावाल तर आवाज डब्यातून आल्यासारखा, किरटा आणि क्षीण येईल. (हल्ली रेकॉर्डची हौस परत आली आहे, पण कित्येक नव्या ॲम्प्लिफायरना फोनोची जागाच नसते. घेण्यापूर्वी पाठ उलटून बघावी. नसेल तर फोनोचा एक वेगळा छोटा डबा मध्ये लावावा लागतो.)

उरले स्पीकर. जुनी तार खिळ्यांनी जागोजागी सोललेली आणि वर रंगाने माखलेली. ती पुन्हा लावायचा माझा धीर झाला नाही. बाजारातून नवी आणली, दोन्हीकडे सारख्याच लांबीची. पारदर्शक वेष्टनातली जोडतार, त्यात एक पदर तांब्याच्या रंगाचा आणि एक चंदेरी. तांब्याचा पदर लाल स्क्रूला, चंदेरी काळ्याला. ॲम्प्लिफायरकडे तसंच आणि स्पीकरकडेही तसंच. टोकं सोलून पीळ घट्ट दिला. एकही मोकळा केस शेजारच्या स्क्रूला लागता कामा नये. लागला तर चालू करताक्षणी यंत्राचे प्राण जाऊ शकतात.

"चालू करताना आधी प्लेअर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट," बाबा म्हणाले. नाहीतर चालू-बंद होताना जो 'धप्' असा ठोका बसतो, तो स्पीकरला झेपेलच असं नाही.

मी सगळं त्यांच्या सांगण्याबरहुकूम केलं. हळूच आवाज वाढवला. आणि दोन्ही स्पीकरमधून मोठ्या भुंग्यासारखी घुंऽऽ अशी घरघर सुरू झाली.

माझा चेहरा पडला. बाबांचा उजळला. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं असावं. "प्लेअरच्या वायरीबरोबर एक बारीक हिरवी शेपटी आहे बघ." होती, मी ती निरुपयोगी समजून मागे दुमडून ठेवली होती. ती म्हणजे अर्थिंगची तार. इतक्या नाजूक विजेच्या वाटेवर घरातल्या पन्नास सायकलच्या विजेची सावली पडते, ती घरघर तिचीच. सगळं बंद करून शेपटी ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या एकट्या स्क्रूखाली अडकवली. पुन्हा चालू केलं. शांतता.

भीमसेन जोशींची एक रेकॉर्ड लावली. सुई टेकली आणि पहिल्या दोन सेकंदांत काचेच्या कपाटातले कप किणकिणू लागले. तबल्याच्या डग्ग्याने तर नव्याने रंगवलेली भिंत थरथरतेय की काय असं वाटलं. बाबा ताडकन उठले, गुडघा विसरून. "हे काय? काय केलंस तू?"

मी काहीच केलं नव्हतं. बेसचं बटण त्यांनी ठेवलेलं तिथेच होतं, पार टोकाला. त्यांनी ते मागे घेतलं, थोडं, मग आणखी थोडं, मग मध्यावर. लाउडनेसची कळ बाहेर आली. मग ते तसेच हात टेबलावर ठेवून उभे राहिले.

आई स्वयंपाकघरात चकल्यांची उकड मळत होती. ती पिठाच्या हातांनीच दारात आली. दाराच्या चौकटीला कोपर टेकून, डोकं जरासं कलतं करून, तिने मिनिटभर ऐकलं.

"अहो," ती म्हणाली, "हा कलकत्त्याचा आवाज आहे."

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. पण मलासुद्धा ऐकू येत होतं. दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जिथे टेबलाखेरीज काही नाही, तिथे गाणारा बसलेला होता, आणि त्याच्या जरा मागे तंबोरे. इतकी वर्षं याच खोलीत ज्याला आम्ही गाणं म्हणत होतो, ते खोलीभर धुक्यासारखं पसरलेलं काहीतरी होतं.

रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत बाबा उभेच राहिले. मग म्हणाले, "ती जुनी तार कुठाय?"

पिशवीतून भेंडोळं काढलं. डाव्या स्पीकरची तार उलगडत गेले तर मध्यावर काळ्या टेपची एक जाड गाठ. १९९६ साली नाशिकच्या घरात डावा स्पीकर दाराच्या पलीकडे ठेवावा लागला होता आणि कलकत्त्याची तार तिथवर पुरत नव्हती. म्हणून तिला दुसरी तार जोडलेली. पहिली आताच्यासारखीच, तांब्याची आणि चंदेरी. जोडलेली मात्र पांढऱ्या वेष्टनातली, दोन्ही पदर बाहेरून सारखेच, एका पदरावर फक्त बारीक निळी रेघ.

टेप सोडवायच्या आधीच बाबांनी मला टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढायला सांगितला. ही युक्ती कोणालाही घरी करता येईल, फक्त स्पीकरची तार ॲम्प्लिफायरपासून आधी सोडवलेली हवी. साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा, त्याचा अधिक स्पीकरच्या अधिकाला आणि उणे उण्याला क्षणभर टेकवायचा. खट् असा आवाज होतो आणि स्पीकरचा मोठा पडदा किंचित पुढे येतो. उलटं टेकवलं तर आत जातो. मी स्पीकरवरची जाळी काढली. जुनी तार पूर्वी होती तशी लावली, रेघेचा पदर स्पीकरच्या लाल स्क्रूला. दुसऱ्या टोकाला बाबांनी सेल टेकवला, तांब्याला अधिक.

खट्. पडदा आत गेला.

त्यांनी पुन्हा टेकवला. पुन्हा आत.

टेप सोडवली. आत तांब्याचा पदर बिनरेघेच्या पदराला पिळलेला. म्हणजे दोन्ही टोकं बरोबर होती. ॲम्प्लिफायरकडे तांबं लालला, स्पीकरकडे रेघ लालला. चूक मधल्या गाठीत, टेपच्या आत होती. तिथे अधिकाचं उणे झालं होतं. उजवा स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा डावा मागे ओढायचा. असं झालं की खर्जाच्या लांबच लांब लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि दोन्हीकडून सारखा येणारा गळ्याचा आवाज मध्यावर उभाच राहू शकत नाही. जुन्या रेकॉर्ड तर बऱ्याच एकाच वाहिनीच्या, दोन्ही स्पीकरना तंतोतंत सारखा आवाज देणाऱ्या. त्यांची दशा सगळ्यात वाईट. बाबा बेस का वाढवत होते, आणि आईला गाणारा का सापडत नव्हता, दोन्ही त्या बोटभर टेपमध्ये होतं.

आई मागे उभी होती. बाबांनी गाठ तिला दाखवली नाही, लपवलीही नाही. चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "टेप तू गुंडाळली होतीस. आठवतं का? हट्ट करून."

खरंच! मला आठवलं. सात वर्षांची होते मी, पहिल्यांदाच त्या टेबलाजवळ यायला मिळालं होतं. पीळ बाबांनीच दिला होता, टेप गुंडाळायचं काम मला. "टेप मी गुंडाळली, बाबा," मी म्हटलं, "पीळ तुम्ही दिला होता." आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती याची मला नव्वद टक्के खात्री आहे.

रात्री बाबा म्हणाले, "आजच्या चार बाजू वहीत लिहून ठेव." ही वही म्हणजे सुईचं हजेरीपत्रक. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते, पुढे ती रेकॉर्डच खरवडू लागते. म्हणून बाबा प्रत्येक बाजूची नोंद ठेवतात. मी मागची पानं चाळत बसले. सुया बदलल्याच्या तारखा, कुठली रेकॉर्ड कुठे चरे पडलेली, आणि मधेच, बाबांच्या त्या बँकेतल्या रेखीव अक्षरात:

"२३ जून ९६. हिच्या म्हणण्यावरून डावी-उजवी तार तपासली. तांबं लालला, रेघ लालला. ठीक."

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा. "तारा तपासल्या. ठीक. हिचं समाधान नाही." आणि २००५ च्या जानेवारीत: "स्पीकरची जागा एक फूट पुढे घेतली. तारा पुन्हा पाहिल्या. दोष सापडत नाही. पण ती म्हणते."

मी वही घेऊन आईकडे गेले. ती चकल्यांच्या डब्याला झाकण लावत होती. चष्मा लावून तिने तिन्ही नोंदी वाचल्या, दुसरी दोनदा वाचली.

"मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पाहुण्यांसमोर तर..." आणि वाक्य सोडून दिलं. वही परत देताना म्हणाली, "अक्षर काय सुरेख होतं नाही तेव्हा?"

या सगळ्याचा मला रागही आला आणि काय आलं ते नीट सांगता यायचं नाही. जो माणूस तीन-तीनदा वाकून तारा तपासतो, त्याने एकदा तरी "तू म्हणतेस ते खरं असेल, पण मला सापडत नाही" असं म्हणायला काय हरकत होती? भिंतीतल्या तंबोऱ्याचा विनोद सांगणं तरी थांबवायचं. मी हे बाबांना विचारणार होते. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनेच मला हाक मारली. गेली काही वर्षं तिच्या फोनमध्ये तंबोऱ्याचं ॲप आहे. भाजी निवडताना, कुणी घरात नसताना, ती ते लावून गुणगुणते. फोनच्या बारक्या स्पीकरमधून तंबोरा म्हणजे मच्छरदाणीत अडकलेली माशी. तिने जरा संकोचूनच विचारलं, "हा तंबोरा त्यांच्या सेटमधून लागेल का गं?"

हे तर सगळ्यांत सोपं काम. एका टोकाला इअरफोनसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी वायर मिळते. ती ऑक्सला लावायची, बस. तिच्या नव्या फोनला इअरफोनचं भोकच नव्हतं, म्हणून चार्जिंगच्या भोकात बसणारं एक छोटं जोडाचं बोंडूक आणायला मी पुन्हा बाजारात गेले. परत आले तर दिवाणखान्यात सतरंजी घातलेली होती आणि बाबा आपल्या खुर्चीत, पेपर घडी करून, बसलेले.

"स्वर कुठला?" मी विचारलं.

"पूर्वी काळी चार लागायची," आई म्हणाली. "आता पांढरी पाच बघ."

फोनवर पांढरी पाच निवडली, आवाज हळूहळू वर नेला. दोन स्पीकरच्या मध्ये, टेबलाच्या जरा पुढे, तंबोरा येऊन बसला. आई मांडी घालून त्याच्या समोर बसली. बराच वेळ नुसतीच बसली. मग तिने षड्ज लावला. आवाज कापला, फाटला, तिने खाकरून पुन्हा लावला.

बाबांचा हात सवयीने बेसच्या बटणाकडे गेला.

"अहो," आई डोळे न उघडता म्हणाली. हात मागे आला.